विश्लेषण : बरोबरीकडे झुकलेला डाव गुकेशने कसा जिंकला? ‘एंडगेम’मध्ये डिंगचे नेमके काय चुकले?

सिंगापूर येथे १२ डिसेंबर २०२४ रोजी जागतिक अजिंक्यपद लढतीचा १४वा आणि अखेरचा डाव बरोबरीत सुटणार, असेच बहुतेकांनी गृहीत धरले होते. मात्र ५५व्या चालीवर चीनच्या डिंग लिरेनने हत्ती एफ२ या घरात नेला आणि तीन चालींनंतर भारताचा १८ वर्षीय डी. गुकेश जगज्जेता झाला. ‘डिंगने विजय बहाल केला’ अशी टीका तेव्हा झाली. ती कितपत योग्य?

अखेरच्या डावापूर्वी स्थिती काय होती?

पहिला आणि १२वा डाव डिंगने, तर तिसरा आणि ११वा डाव गुकेशने जिंकला होता. उर्वरित डाव बरोबरीत सुटल्याने १३ डावांनंतर गुणसंख्या ६.५-६.५ अशी होती. अखेरचा डावही बरोबरीत सुटला असता, तर दुसऱ्या दिवशी जलद प्रकारातील टायब्रेकर खेळवले जाणार होते. त्यात डिंगचे पारडे जड मानले जात होते. त्यामुळे अखेरच्या डावात पांढरी मोहरी असूनही डिंगने मोहऱ्यांची अदलाबदल करून डाव शांत करण्याला प्राधान्य दिले.

पटावर नेमके काय उरले होते?

दोघांकडेही राजाखेरीज एक हत्ती आणि पांढऱ्या घरांतून फिरणारा एक उंट. फरक केवळ प्याद्यांचा. गुकेशकडे दोन, तर डिंगकडे एक. सर्व प्यादी पटाच्या एकाच बाजूला असली, की बचाव करणाऱ्याच्या राजाला दोन आघाड्यांवर धावावे लागत नाही. त्यामुळे एका प्याद्याची आघाडी सहसा अपुरी ठरते. संगणकाच्या मूल्यमापनानुसारही स्थिती बरोबरीचीच होती. डिंगला हत्ती सुरक्षित घरांतून फिरवत केवळ वाट पाहायची होती.

हत्तीची चाल घोडचूक का ठरली?

एंडगेमचा एक जुना नियम आहे. ज्याच्याकडे प्यादी कमी, त्याने प्याद्यांची मारामारी करावी, मोठ्या मोहऱ्यांची टाळावी. डिंगने याच्या उलट केले. हत्ती एफ२वर आणून त्याने हत्तींची अदलाबदल देऊ केली. गुकेशने हत्ती मारला, डिंगच्या राजाने तो परत घेतला आणि मग गुकेशने आपला उंट डी५ या घरात ठेवून डिंगच्या उंटासमोर उभा केला.

येथे डिंगच्या उंटाचे स्थान निर्णायक ठरले. तो ए८ या अगदी कोपऱ्यातील घरात होता. कोपऱ्यातील उंटाला एकच तिरकी वाट असते आणि ती गुकेशच्या उंटाने अडवली. हा उंट अन्य घरात असता, तर दुसऱ्या तिरक्या वाटेने निसटता आला असता. आता मात्र उंटांची मारामारी अटळ होती. त्यानंतर पटावर केवळ राजे आणि प्यादी उरली.

राजा-प्याद्यांच्या डावात इतका फरक का पडतो?

हत्ती आणि उंट असेपर्यंत बचाव करणारा लांबून शह देऊन किंवा प्याद्याची वाट रोखून वेळ काढू शकतो. ते गेले, की राजाला स्वत:च लढावे लागते. डिंगचा राजा ई३ घरात आल्यावर गुकेशने आपला राजा ई५ घरात नेला. दोन राजे एक घर सोडून समोरासमोर उभे राहिले, की ज्याची चाल असते त्याला वाट सोडावी लागते. चाल डिंगची होती. जादा प्यादे पुढे जाणार हे स्पष्ट झाल्याने ५८व्या चालीनंतर त्याने पराभव मान्य केला.

हा विजय केवळ नशिबाचा होता?

जगज्जेतेपद अशा बालिश चुकीवर ठरावे याबद्दल माजी जगज्जेता व्लादिमिर क्रॅमनिकने तीव्र नाराजी व्यक्त केली. परंतु २००६ मध्ये बॉन येथे ‘डीप फ्रिट्झ’ या संगणक प्रणालीविरुद्ध खुद्द क्रॅमनिकला एका चालीतील मात दिसली नव्हती. शिवाय, प्रतिस्पर्ध्याची चूक दिसावीही लागते. २०१४ मध्ये सोची येथे मॅग्नस कार्लसनने सहाव्या डावात राजाची घोडचूक केली. विश्वनाथन आनंदने झटपट उत्तर दिले, संधी हुकली आणि तो डाव आनंदने गमावला. डिंगची चूक आपल्यालाही प्रथम लक्षात आली नव्हती, असे गुकेशने नंतर सांगितले. परंतु त्याने हात आवरला, पुन्हा पाहिले आणि मगच चाल केली. गुकेशचा चेहरा पाहून आपल्याला चूक कळल्याचे डिंगने सांगितले.

यातून काय अधोरेखित होते?

सातव्या डावात गुकेशने ७२ चालींपर्यंत झुंजवूनही डिंगने बरोबरी राखली होती. तरीही अखेरच्या डावात गुकेशने बरोबरी स्वीकारण्याची घाई केली नाही. स्वत:ला धोका नसताना खेळत राहायचे आणि थकलेल्या प्रतिस्पर्ध्याला प्रत्येक चालीला अचूक उत्तर शोधायला लावायचे, ही कार्लसनची पद्धत. २०२१ मध्ये दुबईत त्याने इयान नेपोम्नियाशीला अशाच प्रकारे १३६ चालींच्या डावात हरवले होते. डिंगची एक चूक निर्णायक ठरली हे खरे. पण ती चूक होण्याआधी त्याला ५४ चाली खेळाव्या लागल्या होत्या आणि समोर बसलेला खेळाडू बरोबरीसाठी हात पुढे करायला तयार नव्हता. कास्पारोव्हने १९८५ मध्ये २२व्या वर्षी केलेला सर्वांत तरुण निर्विवाद जगज्जेत्याचा विक्रम गुकेशने मोडला, तो या चिकाटीच्या बळावर.