प्रधानाने जाब कोणास द्यावा?

ज्या राज्यात राजाही आहे आणि लोकनियुक्त सभाही आहे, तेथे मुख्य प्रधानाचे स्थान कोणते, हा प्रश्न वरवर पाहता विलायतेचा वाटतो. परंतु त्याची किंमत आमच्या वऱ्हाडाने मोजली आहे. निजामाच्या कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या खर्चापायी १८५३ च्या तहाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या कारभाराखाली गेले. १९०२ साली ते वार्षिक २५ लाख रुपयांच्या कायम पट्ट्याने इंग्रजांकडेच राहिले. निजामास दिवाण होता. पण त्या दिवाणास प्रजेच्या वतीने जाब विचारील अशी सभा नव्हती. म्हणून एका दरबाराच्या देण्यापायी सबंध प्रांत गहाण पडला आणि रयतेस कोणी पुसले नाही.

सभातंत्री राजसत्तेत राजा हा राज्याचे चिन्ह असतो. हुकूम त्याच्या नावाने सुटतात, पण सल्ला प्रधानाचा असतो आणि त्या सल्ल्याची जबाबदारीही प्रधानाचीच. पेढीवर सही मुनिमाची चालते, म्हणून पेढी मुनिमाची होत नाही. वर्षअखेर त्यास वही भागीदारांपुढे ठेवावीच लागते. तशीच प्रधानाची वही सभेपुढे उघडली पाहिजे.

याचा पडताळा इतिहासात पाहावा. १७२० साली शाहू महाराजांनी पहिल्या बाजीरावास पेशवाईची वस्त्रे दिली. १७२१ साली इंग्लंडात वॉलपोल कारभारी झाला. दोघेही कर्ते पुरुष, दोघांवरही राजाची मर्जी. परंतु १७४२ साली कॉमन्स सभेतील बहुमत सुटताच, राजाची मर्जी कायम असूनही, वॉलपोलास पद सोडावे लागले. येथे मात्र १७४० साली बाजीराव निवर्तले आणि पद पुत्राकडे गेले. १७४९ साली शाहू महाराजही निवर्तले, सत्ता पुण्यास गेली, आणि साताऱ्याचे सिंहासन वस्त्रे देण्यापुरते उरले. राजाचा वचक गेला, सभेचा वचक नव्हताच. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्याचे मर्म हेच. जेथे प्रधान मताने बदलता येत नाही, तेथे तो कटाने बदलला जातो. पेशव्यांच्या पराक्रमास यामुळे उणेपणा येत नाही. उणीव होती ती व्यवस्थेत.

ही उणीव भरून काढण्याचा यत्नही मराठी मुलखातच झाला. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गांधीजींच्या सल्ल्याने १९३९ साली राज्यघटना देऊन आपली सत्ता प्रजेच्या प्रतिनिधींस वाहिली आणि ग्रामपंचायती हा कारभाराचा पाया केला. १९४८ साली औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. पण मराठी रयत सभेच्या मार्गाने राज्य चालवू शकते, हे तेवढ्या काळातही दिसून आले.

आता आमच्याकडे राजा नाही. परंतु प्रधानाचा नियम तोच. घटनेच्या ७५ व्या कलमाने मंत्रिमंडळ लोकसभेस सामुदायिकरीत्या जबाबदार आहे. १९९९ च्या एप्रिलात वाजपेयींचे मंत्रिमंडळ केवळ एका मताने पडले आणि निमूटपणे पायउतार झाले. खंजीर निघाला नाही, फौज हलली नाही. सभेचे सामर्थ्य ते हेच. मात्र १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत देणाऱ्या सभासदाची जागाच धोक्यात येते. विकाऊ सभासदांस आवर घालण्याचा हेतू स्तुत्य होता. पण त्याबरोबर प्रामाणिक सभासदाची जीभही बांधली गेली. ज्या सभेस बोलताच येत नाही, ती प्रधानास जाब काय विचारणार?

म्हणून पक्षादेशाचे बंधन विश्वासाचा ठराव आणि अर्थविषयक विधेयके एवढ्यापुरतेच ठेवावे. इतर कायद्यांवर सभासदास आपल्या बुद्धीने मत देऊ द्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. उमरखेडच्या मतदारांनीही, मत मागावयास येणाऱ्या उमेदवारास एवढे अवश्य पुसावे : सभागृहात आपण आमच्या वतीने बोलणार, की केवळ हात वर करणार? प्रधान कितीही थोर असो, त्याची वही तपासणारा जागा असेल तरच पेढी सुरक्षित राहते.