क्षेत्र त्यांचं, त्याग आमचा

अथणी तालुक्यातली चार एकर द्राक्षबाग आणि बागेतच चार खोल्यांचं घर. आम्ही ते घ्यायचं ठरवलं तेव्हा पुरुषमंडळींनी सगळं तपासलं. वेली डॉगरिजवर भरलेल्या आहेत का, बोअरचं पाणी उन्हाळ्यात टिकतं का, मांडवाच्या तारा किती वर्षांच्या. मला एकच विचारलं, "पाटल्या किती तोळ्यांच्या?"

पाटल्या मोडल्या. बँकेला जामीन म्हणून माझी सही लागली. खरेदीपत्रात मात्र माझी गरज पडली नाही. उताऱ्यावर नवरा आणि दीर. मी तोंड उघडलं, तर नात्यातले एक काका म्हणाले, "अगं, रोज बस्तीला जातीस, अपरिग्रह ऐकतीस, आणि नावाचा कसला मोह तुला?"

काका, शास्त्रात बाह्य परिग्रह दहा सांगितलेत. त्यात पहिलं क्षेत्र, म्हणजे शेत. दुसरं वास्तू, म्हणजे घर. श्रावकानं त्यांचं परिमाण करायचं असतं, तसं श्राविकेनंही. पण जे माझं नाहीच, त्याचं परिमाण मी काय करू? घरात दाणा नाही म्हणून उपाशी राहिलेल्याला कुणी पारण्याला बोलावत नाही!

एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, मग विरळणी, डिपिंग. मान वर करून घड विरळताना खांदे भरून येतात, ते बायांचेच. घर बागेत, त्यामुळे मजुरांचा चहाही माझ्याच चुलीवर आणि फवारणीचा वासही माझ्याच स्वयंपाकघरात.

कायदा काय सांगतो, तेही ऐका. 1956 चा हिंदू वारसा कायदा जैनांनाही लागू आहे. बाईच्या नावावर घेतलेली जमीन पूर्ण तिच्या मालकीची. पण नवऱ्यानं स्वतःच्या नावावर घेतलेल्या जमिनीत तो असेपर्यंत तिची मालकी नाही. मागे मुलं आणि सासू यांच्या बरोबरीनं एक वाटा, तोही त्यानं मृत्युपत्रानं दुसऱ्याला दिला नसेल तर. घामही आपला, सोनंही आपलं, आणि आशा मात्र वाट्याची!

म्हणून सांगते बायांनो, भांडायचं ते खरेदीच्या आधी. नंतर नाव लावायचं म्हणजे बक्षीसपत्र, परत खर्च, परत मिनतवाऱ्या. मी गप्प बसले, तुम्ही बसू नका. हातातल्या पाटल्या उतरवायच्या आधी खरेदीपत्राचा मसुदा मागून घ्या, आणि त्यात घेणाराच्या जागी आपलं नाव आहे का, तेवढं वाचा.