वीरपत्नीचा मान कुणाच्या अटीवर?

१९९९ च्या कारगिल युद्धात ५२७ जवानांनी प्राण दिले. दर २६ जुलैला आपण त्यांना अभिवादन करतो, ते केलेच पाहिजे. पण कामानिमित्त जवानांच्या विधवांना भेटते, तेव्हा या कृतज्ञतेच्या अटी दिसू लागतात. व्यासपीठावर 'वीरपत्नी' म्हणून जिला शाल-श्रीफळ देतो, तिलाच हळदीकुंकवाला बोलावत नाही.

सरकारही मागे नव्हते. शौर्यपदक मिळालेल्या जवानाच्या विधवेने पुनर्विवाह केला, की पदकासोबतचा भत्ता बंद होई. नवऱ्याच्या भावाशीच लग्न केले तर मात्र चालू राही. ही अट रद्द व्हायला २०१७ साल उजाडले. म्हणजे तोवर पदकाचा मान तिचा नव्हता, सासरचा होता!

२०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे अशा विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आपापल्या गावच्या ग्रामसभेत असा ठराव आपण मांडू या. पेन्शन, जमीन, पुनर्विवाह यांबाबत तिचाच निर्णय अखेरचा मानला जाईल, तेव्हाच त्या अभिवादनाला अर्थ येईल.