फुकटाचे मोल

एप्रिल २०२१ मध्ये एक जाहिरात फार गाजली. मातृभाषा मराठी असलेला, बेंगळुरूत वाढलेला आणि संयमासाठी ख्यात असा क्रिकेटपटू राहुल द्रविड तीत वाहतुकीच्या कोंडीत संतापतो, शेजारच्या मोटारीचा आरसा बॅटने फोडतो आणि आपण इंदिरानगरचे गुंड असल्याचे ओरडून सांगतो. जाहिरात क्रेड या कंपनीची होती. क्रेडिट कार्डाचे बिल भरल्याबद्दल बक्षिसे मिळतात, ही गोष्ट द्रविडच्या रागाइतकीच अविश्वसनीय वाटते, हा त्यातील विनोद. मला मात्र तो अविश्वासच मोलाचा वाटतो. बक्षीस खरे असले, तरी त्याची किंमत कोणीतरी मोजतच असतो.

ती कोण मोजतो, हे पाहणे अगत्याचे आहे. कधी कंपनीच मोजते. सप्टेंबर २०१७ मध्ये गूगलने ‘तेज’ हे पैसे पाठवण्याचे अ‍ॅप आणले. त्यालाच पुढे ‘गूगल पे’ असे नाव मिळाले. आपण सुचवलेल्या मित्राने त्यावर पहिला व्यवहार केला, की दोघांनाही ५१ रुपये मिळत. ग्राहक मिळवण्यासाठी केलेला तो खर्च होता. त्यात वावगे काही नव्हते.

कधी मात्र किंमत आपल्या मित्रांच्या नावांनी चुकवली जाते. अमेरिकेत ग्रॅटिस इंटरनेट या कंपनीने २००४ च्या सुमारास आयपॉड हे गाणी ऐकण्याचे यंत्र फुकट देऊ केले. अट एवढीच, की एखादी सवलत योजना स्वीकारावी आणि पाच मित्रांनाही तसे करायला लावावे. अनेकांना यंत्रे मिळालीही. परंतु २००६ साली न्यूयॉर्क राज्याच्या महान्यायवादींनी कंपनीवर दावा लावला. माहिती गुप्त ठेवण्याचे वचन देऊन तिने लाखो लोकांचे ईमेल पत्ते विकले, असा आरोप होता.

सर्वांत घातक प्रकार तिसरा. स्पीक एशिया ही कंपनी ११,००० रुपये वर्गणी घेऊन संगणकावर प्रश्नावल्या भरण्याचे पैसे देई. नवे सभासद आणणाऱ्यास वेगळी कमाई. २०११ साली पैसे थांबले, मुंबईत गुन्हा नोंदवला गेला आणि लाखो सभासद अडकले. अशा योजनेत आधी आलेल्यांना मिळते ते नंतर आलेल्यांचेच धन. एकाने पाच, त्या पाचांनी पंचवीस, असे सभासद आणत गेल्यास दहाव्या पायरीवर ९७,६५,६२५ नवी माणसे लागतात. २०११ च्या जनगणनेत बेंगळुरू शहराची लोकसंख्या सुमारे ८५ लाख होती! एवढी माणसे आणायची कोठून?

ती आणली जातात ती घरातून. अनोळखी विक्रेत्याला आपण दारातून परत पाठवतो. मावसभावाला किंवा शेजारच्या वहिनींना ‘नाही’ म्हणणे जड जाते. योजना चालवणाऱ्यांचे खरे भांडवल हा संकोचच होय. पैसे बुडाल्यावर कंपनीचा पत्ता सापडत नाही, वहिनींचे घर मात्र समोरच असते.

अशा साखळी योजनांवर आपल्याकडे १९७८ पासून कायद्याने बंदी आहे. योजना चालवणाऱ्यास, इतरांना सभासद करणाऱ्यास, एवढेच नव्हे तर तीत जाणूनबुजून भाग घेणाऱ्यासही तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मोबाइलवरून अशी फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवता येते. तेथे दूरध्वनी करण्यास जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे दुर्घट होते.