हात कशावर बसतो?

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील नेत्रविभागाच्या निवासी डॉक्टरांनी २०२३ मध्ये तक्रार केली की शस्त्रक्रिया पुरेशा करायला मिळत नाहीत. वरिष्ठांनी ती फेटाळली. त्या वादाचा निवाडा आमचा नव्हे. पण निवासी प्रशिक्षणाच्या तीन वर्षांत ज्यावर हात बसतो, तेच डॉक्टर पुढे करत राहतो. फक्त फेकोवर, म्हणजे यंत्राने मोतीबिंदू फोडून काढण्याच्या पद्धतीवर, शिकलेला सर्जन यंत्र असेल तिथेच थांबणार. कर्नाटकातील जोयड्यासारख्या जंगलपट्टीत मात्र पिकून कडक झालेल्या मोतीबिंदूला लहान छेदाची, बिनटाक्याची पद्धत स्वस्तात पुरते. ‘मग गरिबांच्या डोळ्यांवर शिकायचं?’ हा आक्षेप रास्तच. म्हणून आधी बकऱ्याच्या डोळ्यावर सराव, नंतर वरिष्ठांच्या नजरेखाली एकेक टप्पा. निवासी डॉक्टरांना सक्तीची तीन महिन्यांची जिल्हा-सेवा आहेच. तिचे काही आठवडे दांडेली-जोयड्याकडच्या रुग्णांच्या शस्त्रक्रियांना द्यावेत, नुसते ओपीडीचे कागद भरण्यात घालवू नयेत.