गोळी फुकट आहे, पण माणूस गाडीवर आहे

दरवर्षी १ डिसेंबर जवळ आला की पोस्टर स्पर्धा असते. काळं बॅकग्राऊंड, कवटी, दोन हाडं आणि खाली लाल अक्षरात 'एड्स म्हणजे मृत्यू'. ड्रॉईंग छान असतं, बक्षीसही मिळतं. पण मित्रहो, स्पष्टच बोलतो, हे पोस्टर आता खोटं आहे. नुसतं खोटं असतं तर चाललं असतं, ते नुकसान करतं.

१ एप्रिल २००४ पासून आपल्या देशात सरकारी केंद्रांत एचआयव्हीची औषधं (एआरटी) फुकट मिळू लागली. सुरुवातीला सीडी-४ पेशी २०० च्या खाली जाईपर्यंत बहुतेकांना थांबावं लागे. २०१७ पासून तसं नाही, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की उपचार. आज बहुतेकांना दिवसाला एकच गोळी असते, तीन औषधं एकत्र असलेली. ती नियमित घेतली तर व्हायरस इतका कमी होतो की टेस्टमध्ये सापडत नाही, आणि मग संबंधांतून जोडीदाराला तो जात नाही. (आमच्या कॉन्व्हेंटमध्ये हा धडा 'रीड इट ॲट होम' म्हणून सोडून दिला होता. घरी कोण वाचतो!)

मग अडतं कुठे? पुरुषांपाशी अडतं. बाई गरोदर राहिली की तिची टेस्ट होते. पुरुषाच्या आयुष्यात असा ठरलेला दिवसच येत नाही. तो येतो टीबी झाल्यावर, वजन उतरल्यावर, म्हणजे उशिरा. आणि आला तरी टिकत नाही, कारण त्याचं पोट फिरण्यावर असतं.

याचं मोठं उदाहरण आफ्रिकेत आहे. युगांडात व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी मच्छिमारांची गावं आहेत. मासे जिकडे, तिकडे माणूस. रात्र पाण्यावर, हातात रोख पैसा, घर लांब. राकाई भागातल्या अशा गावांत शंभरात चाळीसच्या आसपास लोक एचआयव्हीबाधित आढळले होते. दवाखान्याच्या तारखेला बोट दुसऱ्याच काठाला! पण तिथे हात टेकले नाहीत. २०११ ते २०१७ या काळात उपचारावर असलेल्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ८२ टक्क्यांवर गेलं, सोबत सुंता आणि इतर उपायही झाले, आणि नवीन लागण निम्म्याहून कमी झाली. तिथेसुद्धा पुरुष बायकांच्या मागेच राहिले, हे विसरून चालणार नाही.

खान्देशात तसं सरोवर नाही. आपली बोट म्हणजे ट्रक. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यातच एकमेकांना भेटतात. शिवाय दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी माणसं, सुरतला कामाला गेलेली पोरं. समजा, एखाद्या ड्रायव्हरभाऊची गोळ्यांची तारीख सोमवारी आहे आणि सोमवारी तो इंदूरच्या पुढे आहे. मालकाला काय सांगणार? खरं सांगितलं तर स्टिअरिंग जाईल ही भीती. २०१७ चा कायदा म्हणतो की एचआयव्ही आहे म्हणून नोकरीवरून काढता येत नाही, संमतीशिवाय कोणाला सांगताही येत नाही. पण तो कायदा ढाब्यावर कोणी वाचलाय?

'ड्रायव्हर लोकच बेजबाबदार' हे मेसमध्ये मी पुष्कळदा ऐकतो. मला पटत नाही. जो माणूस गाडीत वीस टन माल घालून वेळेवर पोचवतो, तो बेजबाबदार कसा? वेळापत्रक त्याच्यासाठी बनवलेलंच नाही. कंट्रोल सिस्टिम्स शिकलेल्यांनी तरी प्लँटला शिव्या देण्याआधी डिझाईन बघावं. स्थिर पेशंटला एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या, वाटेतल्या दुसऱ्या केंद्रातून औषध, संध्याकाळी उशिरापर्यंत उघडी खिडकी, यात रॉकेट सायन्स नाही. काही गोष्टी नियमात आहेतही. पण ड्रायव्हरला त्या माहीत नसतील तर असून उपयोग काय? आणि कवटीचं पोस्टर बघून तो केंद्राची पायरी चढेल का? मरायचंच आहे तर कळून काय करू, असंच म्हणेल ना!

म्हणून एनएसएसच्या सरांना आणि रेड रिबन क्लबला विनंती. यंदा कवटी नको. १०९७ हा फुकट हेल्पलाईन नंबर मोठ्या अक्षरात, जळगाव-धुळ्याच्या एआरटी केंद्रांचे पत्ते, आणि 'गोळी चालू तर गाडी चालू' एवढंच. पोस्टरही कॉलेजच्या पोर्चमध्ये न लावता पाळधीपासून फागण्यापर्यंतच्या ढाब्यांवर लावूया, मराठी-हिंदी दोन्हीत. माझी गाडी आहे, पेट्रोल वाटून घेऊ. नावं रूम नंबर १४ मध्ये द्या.