वैद्यकीय प्रवेश आणि थांबण्याची ऐपत

वैद्यकीय महाविद्यालयांतील प्रवेशाचा प्रश्न आपल्याकडे दरवर्षी निकालाबरोबर चर्चेस येतो आणि वर्ग सुरू झाले की विस्मृतीत जातो. ही चर्चा बहुधा दोनच गोष्टींभोवती फिरत असते. एक गुण आणि दुसरी पैसा. गुण असलेल्यास सरकारी जागा मिळते, पैसा असलेल्यास खाजगी जागा मिळते, आणि दोन्ही नसलेल्याने अन्य मार्ग शोधावा, असा एक सर्वमान्य समज रूढ झाला आहे. या समजात तिसऱ्या एका गोष्टीचा विसर पडतो. ती म्हणजे काळ. बारावीनंतर एक वर्ष, दोन वर्षे, प्रसंगी तीन वर्षे घरी बसून पुन्हा परीक्षा देण्याची मुभा आज प्रत्येकास आहे. ती घेण्याची ऐपत मात्र प्रत्येकास नाही. प्रवेशाच्या न्याय्यतेचा विचार या ऐपतीपासून सुरू केला पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

बारावीच्या गुणांचे अवमूल्यन

एके काळी इंटर सायन्सच्या आणि पुढे बारावीच्या गुणांवर वैद्यकीय प्रवेश ठरत असे. त्या व्यवस्थेत दोष नव्हते असे नाही. गुणपत्रिकेला इतके मोल आले की ती हाताळण्याचा मोह वरपर्यंत पोहोचू शकतो, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. मुंबई विद्यापीठाच्या एम.डी. परीक्षेतील गुणवाढीच्या प्रकरणावरून १९८६ साली राज्याच्या मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले होते. दरम्यान १९८४च्या सुमारास राज्यात खाजगी वैद्यकीय महाविद्यालये उभी राहू लागली, देणगीचा प्रश्न उग्र झाला आणि १९८७ साली कॅपिटेशन फीवर बंदी घालणारा कायदा करावा लागला. गुण आणि पैसा यांचा झगडा असा जुनाच आहे.

राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा आणि त्यानंतर देशव्यापी ‘नीट’ या दोन टप्प्यांनी बारावीच्या गुणांचे महत्त्व संपुष्टात आणले. आज खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यास भौतिक, रसायन व जीवशास्त्रात मिळून ५० टक्के आणि राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्यास ४० टक्के गुण पुरेसे होतात. त्यापुढचे ५१ आणि ९१ टक्के प्रवेशयादीस सारखेच. मात्र बारावीचे ठिकाण अजूनही महत्त्वाचे आहे. सरकारी महाविद्यालयांतील ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातील असतात आणि त्यांसाठी अधिवासाबरोबर दहावी व बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातून उत्तीर्ण झालेल्या असणे सर्वसाधारणपणे आवश्यक असते. परिणाम असा की मुलाचे नाव येथील कनिष्ठ महाविद्यालयात राहते, हजेरी नावापुरती लागते आणि खरा अभ्यास शिकवणी वर्गात होतो. बारावी हे शिक्षण न राहता एक दाखला होऊन बसले आहे.

नाममात्र गुण, वास्तव क्रमांक

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पैशातील वेतन आणि वास्तव वेतन यांतील भेद पहिल्या वर्षीच शिकविला जातो. हातात किती रुपये आले याहून त्या रुपयांत किती धान्य येते हे महत्त्वाचे. ‘नीट’च्या गुणांना हाच न्याय लावावा लागतो. २०२३ साली ७२०पैकी ७२० गुण मिळविणारे दोघे होते. २०२४ साली प्रथम जाहीर झालेल्या निकालात त्यांची संख्या ६७ होती आणि सुधारित निकालात ती १७वर आली. २०२५ साली प्रश्नपत्रिका कठीण निघाली व देशातील सर्वोच्च गुण ६८६ ठरले. खुल्या प्रवर्गाची पात्रतेची रेषा या तीन वर्षांत अनुक्रमे १३७, १६२ आणि १४४ अशी वरखाली झाली. अशा परिस्थितीत ‘गेल्या वर्षी इतक्या गुणांना केईएम मिळाले’ हे विधान जुन्या भावाने बाजारहाट करण्यासारखे आहे. पालकांनी पाहावयाचा आकडा गुणांचा नसून क्रमांकाचा आहे. त्यातही आपल्या प्रवर्गात, राज्याच्या कोट्यात, शेवटची सरकारी जागा कोणत्या क्रमांकाला गेली हा.

‘पात्र’ या शब्दानेही अनेक घरे फसतात. २०२५ साली सुमारे २२ लाख विद्यार्थ्यांनी परीक्षा दिली आणि १२ लाखांहून अधिक पात्र ठरले. केंद्र सरकारने त्याच वर्षाच्या प्रारंभी दिलेल्या माहितीनुसार देशातील एम.बी.बी.एस.च्या जागा होत्या १,१८,१९०, आणि परवडणाऱ्या शुल्काच्या सरकारी जागा त्यांच्या सुमारे निम्म्या. म्हणजे पात्र ठरलेल्या दहांपैकी नऊ जणांना जागा मिळण्याचा संभवच नव्हता. मग पात्रतेची रेषा इतकी खाली का? कारण लाखोंच्या शुल्काच्या जागा भरावयाच्या असतात. पाचशे गुणांचा गरीब मुलगा बाहेर राहतो आणि दोनशे गुणांचा श्रीमंत मुलगा आत येऊ शकतो, ही विसंगती त्या रेषेच्या उंचीतच दडलेली आहे.

वर्षाची किंमत

यास्तव पाचशे गुणांच्या त्या मुलापुढे उरतो एकच मार्ग: वर्ष सोडून पुन्हा परीक्षा देणे, म्हणजे आजच्या भाषेत ‘ड्रॉप’ घेणे. नियमांची आडकाठी नाही. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षे पूर्ण झालेली असली म्हणजे झाले. वयाची कमाल मर्यादा २०२२ साली उठविण्यात आली, आणि प्रयत्नांच्या संख्येवर बंधन नाही. वरवर पाहता याहून उदार व्यवस्था कोणती? परंतु ज्या रांगेत कितीही वेळा उभे राहता येते, त्या रांगेत अखेर पुढे सरकतो तो ज्याला उभे राहणे परवडते.

एका वर्षाची खरी किंमत म्हणजे केवळ शिकवणीची फी नव्हे. त्या वर्षात मुलगा जे मिळवू शकला असता आणि ज्यावर त्याने पाणी सोडले, ते अर्थशास्त्रात त्या वर्षाच्या खर्चातच मोजले जाते. अठराव्या वर्षी प्रवेश मिळालेला विद्यार्थी साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम व एक वर्षाची आंतरवासिता संपवून साडेतेविसाव्या वर्षी बाहेर पडतो. सरकारी महाविद्यालयातून शिकल्यास बंधपत्राचे एक वर्ष आणि पदव्युत्तर शिक्षणाची तीन वर्षे धरली, तर स्थिर मिळकतीस अठ्ठाविसावे वर्ष उजाडते. दोन ड्रॉप घेतले की तिशी. वडिलांची नोकरी तोवर टिकणार आहे काय, धाकट्या बहिणीचे शिक्षण थांबणार आहे काय, हे प्रश्न प्रश्नपत्रिकेत नसतात, घरात असतात.

काळाचौकी, लालबाग, परळ या गिरणगावाला थांबण्याची किंमत कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. मागण्यांची न्याय्यता हा एक भाग झाला. पण तो लढा हळूहळू कोण अधिक काळ थांबू शकतो याची कसोटी होऊन बसला, आणि त्या कसोटीत जमीन व भांडवल हाताशी असलेला मालक तरला, हातावर पोट असलेला कामगार मोडला. किती घरांतील मुलांनी त्या काळात शाळा सोडून हाताला मिळेल ते काम धरले, हे या वस्तीतील वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. आज त्यांचीच नातवंडे केईएमच्या शेठ गोर्धनदास सुंदरदास महाविद्यालयाकडे आशेने पाहतात. ते महाविद्यालय घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. पण त्याच्या दारात पुन्हा तीच कसोटी उभी आहे. चाळीच्या एका खोलीत पाच माणसे, रात्री उशिरापर्यंत चालू असलेला दूरदर्शन संच, आणि कोपऱ्यात दुसऱ्यांदा पुस्तके उघडून बसलेली मुलगी. तिची स्पर्धा स्वतंत्र खोली, वातानुकूलित अभ्यासिका आणि तिसरे वर्षही देऊ शकणारा बाप असलेल्या मुलाशी आहे.

हा केवळ भावनेचा प्रश्न नाही. तामिळनाडू शासनाने नेमलेल्या निवृत्त न्यायमूर्ती ए. के. राजन यांच्या समितीने २०२१च्या अहवालात दिलेले आकडे बोलके आहेत. त्या राज्यात प्रवेश मिळविणाऱ्यांत पुन्हा परीक्षा देणाऱ्यांचे प्रमाण २०१६–१७ साली १२.४७ टक्के होते. २०२०–२१ साली ते ७१.४२ टक्के झाले. त्या समितीच्या सर्वच निष्कर्षांशी सहमत होण्याचे कारण नाही. तथापि पहिल्याच प्रयत्नात यश हा नियम होता तो पाच वर्षांत अपवाद झाला, एवढे तरी त्यातून दिसते.

अनिश्चित कालपत्रकाचा भार

याच्या जोडीला अनिश्चितता येते. २८ एप्रिल २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षापासून ‘नीट’ सक्तीची केली, तेव्हा राज्याची सामाईक परीक्षा अवघ्या आठवड्यावर होती. २४ मे रोजी केंद्राने अध्यादेश काढून सरकारी जागांपुरती सवलत दिली. त्या चार आठवड्यांत राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर तयारी केलेल्या मुलांचे काय झाले असेल याची कल्पना करावी. २०२० साली महामारीमुळे मेमधील परीक्षा १३ सप्टेंबरला गेली. २०२४ साली ४ जूनला निकाल लागला. पण वाढीव गुणांचा वाद, १,५६३ विद्यार्थ्यांची फेरपरीक्षेची मुभा आणि पेपरफुटीचे आरोप यांमुळे परीक्षा राहणार की रद्द होणार हे २३ जुलैपर्यंत कळले नाही. वर्ग सुरू व्हावयाचे होते ते १ ऑक्टोबरला.

मधल्या काळात विद्यार्थ्याने काय करावे? पदवी महाविद्यालयांचे प्रवेश जून-जुलैत आटोपतात. पुन्हा परीक्षा देणाऱ्यांचे शिकवणी वर्गही त्याच सुमारास सुरू होतात. म्हणजे जागा मिळणार की नाही हे कळण्याआधीच पुढच्या वर्षाचा निर्णय करावा लागतो. सधन कुटुंब दोन्हीकडे पैसे भरून ठेवते आणि एकीकडचे सोडून देते. गरीब कुटुंबास एकच पर्याय निवडावा लागतो, आणि तो चुकला की दुरुस्तीस वाव नसतो. अनिश्चिततेचा विमा ज्यास घेता येत नाही, त्यासच तिची पूर्ण किंमत मोजावी लागते.

काय करता येईल?

प्रयत्नांची संख्या मर्यादित करावी असा एक उपाय सुचविला जातो. तो सोपा आहे, पण न्याय्य नाही. ज्या मुलाला चांगला शिक्षक बारावीनंतरच प्रथम भेटला, त्याचा दुसरा प्रयत्न हाच वस्तुतः पहिला असतो. दुसऱ्या प्रयत्नात मिळविलेली गुणवत्ता खोटी नसते. प्रश्न तो प्रयत्न बंद करण्याचा नाही. त्याची किंमत वाटून घेण्याचा आहे.

त्यासाठी तीन गोष्टी तातडीने करता येतील. पहिली, परीक्षा, निकाल, फेऱ्या आणि वर्गारंभ यांचे कालपत्रक आधीच्या वर्षी बांधून द्यावे आणि पदवी प्रवेशाची शेवटची तारीख पहिल्या फेरीनंतर ठेवावी. दुसरी, प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांची प्रयत्नांनुसार व उत्पन्न गटांनुसार आकडेवारी राज्याच्या प्रवेश कक्षाने दरवर्षी प्रसिद्ध करावी; रोग मोजल्यावाचून औषध ठरत नाही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, शेवटच्या सरकारी जागेपासून थोडक्या अंतराने मागे राहिलेल्या, अल्प उत्पन्न गटातील विद्यार्थ्यांना एका वर्षाची निर्वाह शिष्यवृत्ती द्यावी. महानगरपालिकेची वैद्यकीय महाविद्यालये आहेत, तशा शाळांच्या इमारतीही आहेत; सायंकाळी रिकाम्या पडणाऱ्या वर्गखोल्यांत अभ्यासिका चालविणे तिला अशक्य नाही.

तोवर पालकांनीही हिशेब डोळसपणे करावा. मुलाचा क्रमांक आपल्या प्रवर्गातील गेल्या वर्षीच्या शेवटच्या सरकारी जागेच्या जवळपास असेल, तर शेवटच्या फेरीपर्यंत धीर धरणे आणि प्रसंगी एक वर्ष देणे योग्य ठरेल. क्रमांक त्या जागेच्या दुपटीपलीकडे असेल, तर ते वर्ष गुंतवणूक न राहता सोडत होते. दुसरे वर्ष मागण्यापूर्वी पहिल्या वर्षाने क्रमांकात किती फरक पाडला हे तपासावे, आणि ‘लोक काय म्हणतील’ हा आकडा त्या हिशेबातून वगळावा.

शासनाने २०२४–२५पासून आर्थिक दुर्बल आणि मागास घटकांतील, वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क पूर्ण माफ केले. हे पाऊल निःसंशय स्वागतार्ह आहे. परंतु ही माफी प्रवेश मिळाल्यानंतरची आहे. प्रवेशापूर्वीच्या त्या एका वर्षाचे शुल्क आजही प्रत्येक घर आपापल्या ऐपतीप्रमाणे भरते आहे, आणि ज्यांना ते भरता येत नाही त्यांची नावे कोणत्याही यादीत येत नाहीत.